रस्त्यावरचं गवत कोण उपटतं?

माझा एक दोस्त कादंबरी लिहितोय. फुलस्केप वहीची २१० पानं लिहून झालीत, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी. मागच्या महिन्यात रातपाळीला चहाच्या सुट्टीत त्यानं वही माझ्या हातात दिली नि म्हणाला, प्रस्तावना तू लिहायची. मला कोण आनंद झाला. आपल्यातला पोरगा कादंबरीला हात घालतो, तीही साहसाची, रहस्याची. आपण आपल्या दुःखाची आत्मकथनं लिहावीत आणि खजिने, भुयारं, नकाशे हा प्रांत दुसऱ्यांचा, अशी वाटणी कुणीतरी करून ठेवलेलीच आहे. ती मोडणारा भेटला म्हणून मी खूश.

तीन दिवस झोप मोडून वही वाचली. गोष्ट अशी. पुरातत्त्व खात्यात नव्यानं लागलेला आपलाच एक तरुण. त्याला एक ताम्रपट सापडतो. त्यावरच्या खुणा जुळवत तो सह्याद्रीतल्या एका लेण्यात शिरतो. लेण्याच्या मागच्या भिंतीत दार, दारामागं भुयार, भुयाराच्या टोकाला नागांचं हरवलेलं शहर. सोन्याचं सिंहासन, रत्नं, आणि एक ग्रंथ. आपण राजे होतो ह्याचा पुरावा त्या ग्रंथात. मागावर सनातन्यांची टोळी. शेवटी शहर पाण्याखाली जातं, ग्रंथही जातो, नायक तेवढा वाचतो.

मी म्हणालो, प्रस्तावना लिहितो, पण आधी तू रायडर हॅगर्ड वाच. तो भडकला. म्हणाला, बाबासाहेबांचं सोडून तू मला गोऱ्या साहेबाचं वाचायला सांगतोस? झालं. आता आम्ही एकाच पाळीत, समोरासमोरच्या रिंग फ्रेमवर उभे असतो नि बोलत नाही. मशीनच्या आवाजात तसंही बोलता येत नाही, पण आधी आम्ही हाताच्या खुणांनी बोलायचो. तेही बंद आहे. हा अंक तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो हे मला माहीत आहे. म्हणून तोंडी जे सांगायचं होतं ते इथं लिहितो. बाकीच्या दोस्तांनीही वाचावं, कारण असल्या कादंबऱ्या आपल्यात आणखी येणार असं मला दिसतंय, आणि त्या याव्यात असंच मला वाटतं.

हॅगर्डचं पुस्तक म्हणजे 'किंग सॉलोमन्स माइन्स'. १८८५ सालचं. मला रद्दीवाल्याकडं वीस रुपयांत मिळालं, मुखपृष्ठ नसलेलं. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, डिक्शनरीतलं आहे, त्यामुळं दोन महिने लागले. पण ज्याला हरवलेल्या संस्कृतीची कादंबरी लिहायचीय त्याला ह्या पुस्तकाच्या दारातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. नकाशा, वाळवंट, डोंगरापलीकडचं कुणी न पाहिलेलं राज्य, कातळातली मोठाली शिल्पं, गुहा, वरून खाली येऊन वाट बंद करणारा दगड, हे सगळं सामान ह्याच गोदामातून पुढं गेलेलं आहे. सिनेमातही तेच, माझ्या दोस्ताच्या वहीतही तेच. त्यानं हॅगर्ड वाचलेला नाही, तरी हॅगर्ड त्याच्या वहीत बसलेला आहे. सिनेमातून आला असेल, कॉमिकमधून आला असेल.

हॅगर्ड एकोणीस वर्षांचा असताना, १८७५ साली, नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. १८७७ साली इंग्रजांनी ट्रान्सवाल खालसा केलं तेव्हा प्रिटोरियात झेंडा चढवणाऱ्यांत हा होता. म्हणजे माणूस कुठं उभा राहून लिहितो ते कळलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ॲलन क्वाटरमेन हा हत्तींची शिकार करणारा म्हातारा इंग्रज. सर हेन्री कर्टिस ह्या बड्या माणसाचा भाऊ सॉलोमनच्या हिऱ्यांच्या खाणी शोधायला गेला तो परतलेला नाही. सर हेन्री, त्याचा दोस्त कॅप्टन गुड आणि क्वाटरमेन असे तिघं निघतात. जवळ एक जुना नकाशा, १५९० साली एका मरणाऱ्या पोर्तुगीज माणसानं स्वतःच्या रक्तानं काढलेला. बरोबर नोकर म्हणून उंबोपा, व्हेंटफोगेल आणि खिवा हे काळे लोक. वाळवंट ओलांडून, बर्फाचे डोंगर चढून ते कुकुआनालँडला पोचतात. तिथं कळतं की उंबोपा हाच तिथला खरा वारस, इग्नोसी. लढाई होते, जुलमी ट्वाला मरतो, इग्नोसी राजा होतो. मग गागूल नावाची अतिवृद्ध बाई तिघा गोऱ्यांना हिऱ्यांच्या खोलीत नेते, कोंडते आणि स्वतः दगडाखाली चिरडून मरते. तिघं कसेबसे बाहेर पडतात. क्वाटरमेनच्या खिशात हिरे असतात.

मजा आली, खोटं कशाला बोलू. हॅगर्डला गोष्ट सांगता येते. क्वाटरमेन स्वतःला भित्रा म्हणतो, स्वतःची चेष्टा करतो, त्यामुळं त्याच्या थापा आपण गिळतो. वाळवंटातल्या तहानेची पानं मी उन्हाळ्यात वाचली, दर चार ओळींनी उठून पाणी पीत. आपल्या लिहिणाऱ्यांनी हे शिकावं. माणसाला तहान लागली तर वाचणाऱ्याची जीभ कोरडी पडली पाहिजे. माझ्या दोस्ताचा नायक तीन दिवस भुयारात असतो नि त्याला एकदाही लघवीला लागत नाही.

पण मी गिरणीतला माणूस. मला पहिल्यांदा दिसला तो करार. क्वाटरमेन निघण्याआधी अटी घालतो. ५०० पौंड आगाऊ, हस्तिदंतात वाटा, आणि मी मेलो तर लंडनमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या मुलाला दरसाल २०० पौंड, पाच वर्षं. सर हेन्री लगेच कबूल होतो. चांगलं आहे, कामगारानं असंच कागदावर घ्यावं. मग खिवाला हत्ती फाडतो, गुडला वाचवताना. त्याला पुरतात आणि पुढं निघतात. व्हेंटफोगेल वाळवंटात हवेचा वास घेऊन पाणी आहे म्हणून सांगतो, त्याच्यामुळं सगळे जगतात, आणि तोच डोंगरावरच्या गुहेत थंडीनं मरतो. क्वाटरमेनच्या पाठीला पाठ लावून बसलेला असतो. त्याचे दात वाजायचे थांबतात, पाठ बर्फासारखी गार लागते. हे हॅगर्डनं फार चांगलं लिहिलंय. पण ह्या दोघांच्या घरच्यांना दरसाल किती, हे मी पुस्तकभर शोधलं. मला तरी सापडलं नाही. कंत्राटी कामगाराचा कागद मी अजून कुठल्याच गिरणीत पाहिलेला नाही, म्हणून कादंबरीत तरी दिसतो का बघत होतो.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. हरवलेली संस्कृती.

डोंगर उतरताच तिघांना एक रस्ता दिसतो. कातळ फोडून, दऱ्या बांधून काढलेला प्रचंड रस्ता, कडेला कोरीव शिल्पं. सॉलोमनचा रस्ता. पुढं तीन अजस्र मूर्ती, एक बाई, दोन पुरुष. कुणी बनवलं हे? गोरे आपसात चर्चा करतात. कधी इजिप्त निघतं, कधी फिनिशियन निघतात, बायबलमधले परके देव निघतात. सर हेन्री कॉलेजात शिकलेला आहे, तो मान डोलावतो. एक शक्यता मात्र कुणाच्याही डोक्यात येत नाही, की ज्यांच्या देशात हा रस्ता आहे त्यांच्याच बापजाद्यांनी तो केला असेल. कुकुआना लोक शूर आहेत, देखणे आहेत, शिस्तीचे आहेत. हॅगर्ड त्यांना शिव्या देत नाही, उलट कौतुक करतो. फक्त एवढंच, की बांधणारे ते नव्हेत.

इन्फादूस नावाचा म्हातारा योद्धा आहे, भला माणूस. त्याला क्वाटरमेन विचारतो, रस्ता कुणी केला? तो सांगतो, जुन्या काळच्या माणसांनी, कधी नि कसा ते कुणालाच ठाऊक नाही, अगदी पिढ्यान् पिढ्या जगलेल्या गागूललासुद्धा नाही. असले रस्ते आता कुणाला करता येत नाहीत. पण राजा त्यावर गवत उगवू देत नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर मी पुस्तक खाली ठेवलं. राजा गवत उगवू देत नाही म्हणजे काय? राजा स्वतः खुरपं घेऊन बसतो? मैलोन् मैल रस्ता, पाऊस पडतो, गवत येतं, आणि दरवर्षी कुणीतरी वाकून ते उपटतं. दगड निसटला तर बसवतं. शेकडो वर्षं. आणि ज्यांचे हात रोज त्या दगडांना लागतात त्यांना म्हणे दगड कसा बसतो ते माहीत नाही! हॅगर्डनं वाक्य लिहिलं राजाच्या थोरवीसाठी, पण त्या वाक्यातून त्याचं सगळं बांधकाम ढासळतं. त्याला ते दिसलं नाही. दिसायचं कारणही नव्हतं, त्याच्या घरचं गवत तो उपटत नसणार.

आणि पुढं बघा. पुढच्याच प्रकरणात गागूल सगळ्यांसमोर ओरडून भविष्य सांगते. रस्ता कुणी केला, चित्रं कुणी काढली, तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, तुमच्या आधी इथं गोरे लोक होते आणि तेच पुढं येऊन तुम्हाला खाऊन टाकतील. आधी इन्फादूस म्हणाला होता की गागूललाही माहीत नाही. मग माहीत झालं कसं? कादंबरीकाराला साक्षीदार पाहिजे होता. फिर्यादी गोरा, न्यायाधीश गोरा, मग साक्ष तरी काळ्या तोंडातून यावी म्हणजे दस्त पक्का. त्यानं त्या देशातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला उभं केलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं की हे आमचं नव्हे, हे तुमचंच. आपल्या गावांत हे आपण कमी ऐकलंय? आपलीच एखादी म्हातारी सांगते, आपण पायरीनंच राहावं, आपला तो धर्मच नाही. तिच्या तोंडात ते कुणी घातलं हे विचारायचं राहून जातं.

तरी गागूलच मला पुस्तकातलं सगळ्यात जिवंत पात्र वाटलं. हॅगर्डनं तिला माकडासारखी, सुकलेली, किळसवाणी रंगवलीय. पण खजिन्याची वाट तिलाच ठाऊक, दगडाची कळ तिलाच ठाऊक, आणि लुटायला आलेल्यांना कोंडायची अक्कलही फक्त तिलाच. दुसऱ्या एखाद्या लेखणीत ती नायिका झाली असती.

फुलाटाबद्दल थोडं लिहितो, जास्त लिहिलं तर हात थरथरेल. ही तिथली तरुण मुलगी, गुडवर जीव लावते, त्याची शुश्रूषा करते, गागूलला अडवताना सुऱ्याचा वार खाऊन मरते. मरताना तिच्याकडून हॅगर्ड म्हणवून घेतो की मेले ते बरं झालं, सूर्याचं आणि अंधाराचं जुळत नसतं. आणि क्वाटरमेन मागाहून हिशेब मांडतो की ती गेली ते सोयीचंच झालं, नाहीतर गुंता झाला असता. जातीबाहेर लग्न करणारी पोरं आपल्याकडं मारली जातात तेव्हा गावात नेमकी हीच कुजबुज असते. साहेबानं ती छापली एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र हॅगर्डच्या पदरात टाकली पाहिजे. शेवटी गोरे निघतात तेव्हा इग्नोसी राजा त्यांना सुनावतो. तुम्हाला दोस्तीपेक्षा चमकते दगड प्यारे. आणि मग जाहीर करतो की ह्यापुढं बंदुका नि दारू घेऊन येणारा व्यापारी इथं नको, प्रार्थना शिकवणारा नको. पुस्तकातलं सगळ्यात खरं भाषण हे आहे आणि ते एका काळ्या राजाच्या तोंडी आहे. म्हणजे काय होणार आहे ते हॅगर्डला पुरतं कळत होतं. तरीही त्यानं रस्ता गोऱ्यांच्या नावावर केला.

दोस्त म्हणेल, अरे कादंबरी आहे, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेतोस. म्हणून कादंबरीबाहेर काय झालं ते सांगतो.

आफ्रिकेत लिम्पोपो नदीच्या उत्तरेला दगडी भिंतींचं एक जुनं शहर आहे. ग्रेट झिम्बाब्वे. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचलेले, चुना नाही, माती नाही, फक्त रचाई. मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातलं हे काम. शोना भाषा बोलणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी केलेलं. सोनं तिथून पूर्व किनाऱ्यावर जायचं आणि समुद्रावरून माल यायचा. तिथं चिनी भांड्यांचे तुकडे सापडलेत, हिंदुस्थानातून गेलेले काचेचे मणीसुद्धा. म्हणजे जगापासून तुटलेलं, गूढ, दडलेलं असं तिथं काही नव्हतं. व्यापारउदीम करणारी माणसं होती.

१८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन तिथं पोचला. दाराच्या तुळईचा एक ढलपा त्यानं काढला, हुंगला, आणि त्याला तो आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. पेन्सिल सीडारची, म्हणून हे लाकूड सीडार, सीडार लेबनॉनचा, लेबनॉनचं लाकूड सॉलोमन वापरायचा, म्हणून हा वाडा शीबाच्या राणीचा! एका पेन्सिलीच्या वासावर अख्ख्या समाजाची मालमत्ता बुडाली. लाकूड तिथल्याच झाडाचं होतं. हॅगर्डनं कादंबरी लिहिली तेव्हा ह्या असल्या गोष्टी हवेत होत्या, आणि त्याच्या कादंबरीनं ती हवा लाखो घरांत नेली.

मग १८८९ साली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला सनद मिळाली, १८९० साली तिची सशस्त्र तुकडी त्या मुलखात घुसली. १८९१ साली ऱ्होड्सच्या पाठबळावर बेंट नावाचा अभ्यासक खणायला आला. हाताला लागल्या आफ्रिकी वस्तू, निष्कर्ष काढला अरबस्तानातल्या प्राचीन जमातीचा. का? कारण सोपं आहे. हे आधी गोऱ्यांचं किंवा गोऱ्यांसारख्यांचं होतं असं ठरलं की आता घेणं म्हणजे लूट राहत नाही, वारसाहक्क होतो. १८९५ साली तर जुन्या अवशेषांतलं सोनं उकरायलाच एक कंपनी निघाली. सात-बारावर नाव चढवायची हीच रीत. आधी म्हणायचं, ह्या जमिनीचा मूळ मालक कोण ते गूढ आहे.

१९०२ साली हॉल नावाचा माणूस त्या जागेचा रखवालदार नेमला गेला. त्यानं दोन वर्षं साफसफाई केली. भिंतींच्या आत जे मातीचे थर होते, घरांच्या जमिनी, चुली, खापरं, ते त्याच्या मते काळ्या लोकांनी मागाहून केलेली घाण होती. खरी प्राचीन संस्कृती खाली असणार म्हणून त्यानं ते थर उपसून फेकून दिले. खाली काही नव्हतं. जी घाण म्हणून फेकली तीच ती संस्कृती होती. दोस्तहो, हे वाचून मी रात्रभर जागा होतो. घाण म्हणून गावाबाहेर काढलेल्यांच्या घरात मी जन्मलो, मला हे समजायला डिक्शनरी लागली नाही.

१९०५ साली रँडल-मॅकआयव्हरनं नीट खणून सांगितलं की हे आफ्रिकी लोकांचं, मध्ययुगातलं काम आहे. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन ह्या बाईनं पुन्हा खणून तेच ठामपणे मांडलं. विषय मिटायला हवा होता. पण १९६५ साली ऱ्होडेशियातल्या मूठभर गोऱ्यांनी इयान स्मिथच्या हाताखाली स्वतःचं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि त्यांच्या राज्यात हे सत्य सरकारी मार्गदर्शिकेत छापायला अडचण होऊ लागली. पीटर गार्लेक नावाचा गोरा पुरातत्त्वज्ञ तिथं स्मारकांचा निरीक्षक होता. तो खरं बोलत राहिला, आणि १९७० साली त्याला देश सोडावा लागला. एका दगडी भिंतीच्या वयासाठी! १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी ऱ्होड्सचं नाव पुसून त्या भिंतींचंच नाव देशाला दिलं. झिम्बाब्वे, दगडी घरं. तिथं सापडलेला दगडात कोरलेला पक्षी आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

आता दोस्ताच्या वहीकडं येतो.

तो म्हणेल, मग मी तेच तर करतोय, आपलं आपल्या नावावर. नाग लोकांबद्दल बाबासाहेब स्वतः १९५६ साली नागपुरात बोलले. बोलले, बरोबर. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे म्हणून बोलले. सोन्याच्या सिंहासनाबद्दल नाही. आणि बाबासाहेबांची पद्धत बघ. १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाची गोष्ट पुराव्यानिशी फेटाळली, ती आपल्या सोयीची म्हणून कवटाळली नाही. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते उघड सांगतात की दुवे तुटलेले आहेत, तिथं मी तर्क लावतोय. खात्रीचं कुठलं नि अंदाजाचं कुठलं ते वेगळं ठेवायला पाहिजे हे त्यांना ठाऊक होतं. तुझा नायक मात्र एका ताम्रपटावरून सगळं ठरवतो. मग तुझ्या ताम्रपटात नि माउखच्या पेन्सिलीत फरक काय?

आणि ग्रंथ पाण्यात का बुडवलास? म्हणजे पुरावा होता, पण दाखवता येत नाही. हॅगर्डच्या सगळ्या पोराबाळांनी हीच युक्ती वापरलीय, शेवटी सगळं गाडून टाकायचं. त्यांना परवडतं, त्यांच्याकडं बाकीचे ग्रंथ आहेत. आपल्याला पुरावा बुडवून कसं परवडेल?

तुला नाशिकच्या लेण्यांचं आठवतं? आपण दोघं गेलो होतो, त्रिरश्मीला. खाली एक जण आपल्या पोरांना सांगत होता की ही पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरली. तू त्याच्याशी भांडलास. मी दहाव्या लेण्यात भिंतीपाशी उभा होतो. १८३७ साली प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली म्हणून आज त्या भिंतीवरचं वाचता येतं. डोंगराचं नावसुद्धा तिथल्या लेखांत लिहिलेलं आहे, तिरण्हु. आणि नहपान राजाचा जावई उषवदात तिथं लिहून ठेवतो की भिक्षूंसाठी मी ३००० कार्षापणं ठेव ठेवलीत, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं. एकीकडं २०००, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं १०००, शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं, चीवरासाठी. मी तिथंच बोटांवर हिशेब केला. वीस गुणिले बारा, २४०. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०. पैशाला पैसा जुळतो.

साडेअठराशे वर्षांहून जुनी गोष्ट. विणणाऱ्या माणसांची संघटना एवढ्या पतीची, की राजाचा जावई तिच्याकडं कायमची ठेव ठेवतो. मला त्या भिंतीपुढं जे वाटलं ते तुझ्या सिंहासनापुढं वाटलं नाही. पण मी लगेच असंही म्हणणार नाही की ते विणकर माझे पणजोबा. कुणाचे कोण, त्या लेखात नाही. त्यातल्या एकाही विणकराचं नाव उषवदातानं लिहिलेलं नाही, स्वतःचं नि सासऱ्याचं लिहिलंय. ती रिकामी जागा मला टोचते. कादंबरीकाराला लिहायला ही जागा आहे. खोटा ताम्रपट लागत नाही, भिंतीवरचा खरा लेख आहे, आणि त्यात नाव नसलेली माणसं आहेत. त्यांतला एक रात्री मागावर बसलाय, व्याजाची तारीख जवळ आलीय, सूत तुटतंय. सांग, ह्यात रहस्य नाही?

आता तुला राग येईल असं एक सांगतो. तुझ्या वहीत पान ४७ वर नायक खोदकामाच्या जागी पोचतो. तिथं बाया पाट्या उचलतायत. मी मोजलं, चार पानं त्या तिथं आहेत. एकीलाही नाव नाही. दुपारी त्या झाडाखाली भाकर खातात, नायक तंबूत बसून नकाशा बघतो आणि विचार करतो की माझे पूर्वज राजे होते. तुझी आई दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायची. तूच मला सांगितलंस, तिच्या हाताला कायमची घट्टी पडलीत म्हणून. तिनं केलेला रस्ता तुमच्या गावाला आजही आहे. त्यावर पाटी कुणाच्या नावाची आहे?

राजा कशाला पाहिजे रे आपल्याला? राजे होतो म्हणून माणूस, आणि खडी फोडत होतो तर कमी माणूस? हे तर त्यांचंच तराजू झालं.

भाषा तुझी चांगली आहे. भुयारातल्या वटवाघळांचं वर्णन पहिल्या नंबरचं, सनातन्यांच्या टोळीतला तो तोतरा पोरगा मनात राहतो. सिंहासनाची वीस पानं काढलीस तरी काही बिघडत नाही, मी काढून वाचून पाहिली. ताम्रपट ठेव, पण त्यातलं अर्धं नायकाला वाचता येऊ देऊ नकोस. ग्रंथ बुडवू नकोस. आणि पान ४७ वरच्या बायांना नावं दे. त्यांच्यातली एक दगड बघून सांगू शकेल की मागची भिंत पोकळ आहे, कारण तिनं आयुष्यभर दगड वाजवलेत. पुढं काय होतं ते तू लिही.

प्रस्तावना लिहायला मी तयार आहे. वही माझ्याकडंच आहे, खोलीचं पत्रं गळतंय म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय, हॅगर्डही त्याच पिशवीत आहे. सोमवारी आपली दुसरी पाळी लागेल. गेटवर भेट.